पाच कुलपांचे हनीफभाई

हनीफभाई चपलांना कुलूप लावत.

हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी विचारलं, "म्हणजे चपलांच्या कपाटाला?" नाही हो, चपलांनाच. सुटकेसला असतं तसलं चिमुकलं पितळी कुलूप, डाव्या चपलेच्या पट्ट्यातून उजवीच्या पट्ट्यात घातलेलं. आमच्या इमारतीतल्या नेटवर्कच्या खोलीत चपला घालून जायला मनाई होती. मनाई करणारे हनीफभाईच. त्यामुळे चपला दाराबाहेर काढाव्या लागत, आणि दाराबाहेर राहिलेली वस्तू त्यांच्या लेखी गेल्यात जमा.

"खुला म्हंजे गेला, ताई," ते म्हणायचे.

मी एकदा विचारलं, "पण भाई, दोन्ही चपला कुलपासकट उचलून नेल्या तर?"

त्यांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं. "नेईन तं नेऊ दे. पण घालन कसा?"

हनीफभाईंच्या बहुतेक बोलण्याला उत्तर नसायचं, कारण ते बोलून पुढच्या कुलपाकडे निघालेले असायचे.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, सांगितलं तर आमचे साहेब स्वतःला ओळखतील. चारी बाजूंनी धानाची शेतं, त्यापलीकडे जंगल, आणि मधेमधे बंगाली निर्वासितांच्या कॅम्पाची गावं. मी मूळची चंद्रपूरची, पठाणपुऱ्यातली. शेती खात्यात ऑपरेटर म्हणून इथे आले आणि एक खोली भाड्याने घेऊन राहिले. स्वभाव घाईचा. दुधाला उकळी यायची वाट बघणंसुद्धा माझ्या जिवावर येतं. अशा बाईच्या नशिबी देवाने हनीफभाई लिहून ठेवले, याला काय म्हणावं.

इमारत एक आणि त्यात ऑफिसं पाच. महसूल, भूमी अभिलेख, शेती, आरोग्य आणि कोषागार. पाचही ऑफिसांच्या इंटरनेटच्या तारा जिन्याखालच्या एका खोलीत येऊन मिळायच्या. तिथे भिंतीला एक लोखंडी मांडणी, तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकणारे डबे, आणि त्या डब्यांत खुपसलेल्या निळ्या तारा. इंटरनेट बंद पडलं की त्यातला एक डबा बंद करून पुन्हा चालू करायचा, एवढंच त्यातलं विज्ञान आम्हाला माहीत होतं.

हनीफभाई येण्याआधी ही खोली म्हणजे धर्मशाळा होती. झेंडावंदनाचा दांडा, मोडक्या खुर्च्या, बियाण्यांच्या नमुन्यांची पोती, शिपायाची छत्री, सगळं तिथेच. ज्याला मोबाइल चार्ज करायचा असेल तो आत जाऊन हाताला येईल तो प्लग उपटायचा. आरोग्यवाल्यांचा मोबाइल चार्ज झाला की कोषागाराचं काम बंद. मग कोषागारवाले रागाने येऊन आमची तार ओढायचे, कारण आरोग्याची कोणती ते त्यांना ठाऊक नसायचं. एकदा तर खिडकीतून वांदर आलं, निळी तार दातांत धरून खिडकीबाहेर पळालं, आणि तार संपली तिथे उलटं होऊन पडलं. पूर्ण दिवस तालुक्यात कोणालाही सातबारा मिळाला नाही.

त्यानंतर हनीफभाईंना कंत्राटावर घेतलं. मूळचे तेही चंद्रपूरचेच. वडील जटपुऱ्याच्या बाजूला पेट्या आणि कुलपं दुरुस्त करत. हनीफभाईंची उमर टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली. बायको वारली, मुलगी रुबीना लग्न होऊन बल्लारपूरला गेली, आणि निवृत्तीनंतर हा माणूस एक ट्रंक आणि दोन कुलपांची सायकल घेऊन आमच्या गावी आला. दोन कुलपं का, तर "एक चोराले, एक त्याच्या दोस्ताले."

आल्या आल्या त्यांनी खोली रिकामी केली. खिडकीला जाळी मारली. तारा लोखंडी पाइपातून घातल्या. मग मांडणीभोवती पिंजरा करायचा ठरला. पिंजऱ्याचं काम कॅम्पातल्या वेल्डरला दिलं. त्याने जन्मभर बदकांचे खुराडे केलेले. त्याला माप दिलं, उंची दिली, आणि "आतलं कोणी बाहेर काढू नये, बाहेरचं आत घुसू नये" एवढं सांगितलं. त्याने मनापासून काम केलं. पिंजरा आला तो उत्तम, मजबूत, आणि खालच्या बाजूला अंडी काढायची फट असलेला.

मी हसून हसून खाली बसले. हनीफभाई मात्र त्या फटीत हात घालून म्हणाले, "चांगलं केलं बाप्पा. तारा इथूनच काढतो." खरोखरच सगळ्या तारा अंड्यांच्या फटीतून निघाल्या. पिंजऱ्याला एक कुलूप, चाबी फक्त हनीफभाईंकडे.

आता राहिलं बाहेरचं दार. पाच ऑफिसं म्हणजे पाच मालक. चाबी कोणाकडे ठेवायची यावर बैठक झाली, चहा झाला आणि भांडण झालं. कोषागाराचं म्हणणं, पैशाचं काम आमचं, चाबी आमच्याकडे. महसुलाचं म्हणणं, इमारतच आमची. तेव्हा हनीफभाईंनी जंगलातल्या फाटकावरची युक्ती काढली. लाकूड डेपोच्या रस्त्यावर फाटक असतं, तिथून वनवाले जातात, रस्त्याचे ठेकेदार जातात, अजून कोणकोण जातं. तिथे एक साखळी असते आणि तिच्या दोन टोकांच्या मधे सगळ्यांची कुलपं एकमेकांत अडकवलेली, माळेतल्या मण्यांसारखी. कोणीही आपलं एक कुलूप उघडलं की माळ सुटते आणि फाटक उघडतं. जाताना आपलं कुलूप पुन्हा शेजारच्या कुलपात अडकवायचं.

अट एकच. शेजाऱ्याला वगळून थेट साखळीत कुलूप घातलं, की शेजारी बाहेर पडला. त्याच्याकडे चाबी असूनही दार उघडत नाही.

"आपलं कुलूप शेजाऱ्याच्या कुलपात घाला," हे हनीफभाईंनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आरोग्यवाल्या सिस्टरबाई लसीच्या डब्याला कुलूप लावतानाही ते पुटपुटायच्या. भूमी अभिलेखचे बिश्वासबाबू फार विसराळू. त्यांना हनीफभाई दारापाशी उभं करून सराव करून घ्यायचे. "उघडा. लावा. कोनाच्या कुलपात लावलं जी? शेतीच्या. शाब्बास." बिश्वासबाबू पन्नाशीचे गृहस्थ, पण शाब्बासकी मिळाली की खुलायचे.

आता माझी खरी तक्रार ऐका. बाहेरचं दार उघडलं तरी आतल्या पिंजऱ्याची चाबी हनीफभाईंकडेच. ऑफिसच्या वेळात ठीक होतं. पण आमच्याकडे इंटरनेट बंद पडायला रविवारच सापडतो, आणि आम्हाला माहिती भरायचे हुकूमही रविवारीच येतात. मग चाबीसाठी त्यांच्या घरी जायचं. मशिदीमागची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. तुम्हाला वाटेल चाबी मागितली, चाबी घेतली, निघालो. छे.

"बसा न ताई. काऊन उभ्या आहात?"

"भाई, घाई आहे. चाबी द्या फक्त."

"देतो न. चाय तं घ्या."

चहा म्हणजे फक्त चहा नव्हे. आधी पोहे. पोह्यांवर शेव हवी म्हणून शेवेचा डबा. शेवेच्या डब्याला कुलूप. त्या कुलपाची चाबी शोधायची. मग रुबीनाचा फोटो, जावई कागदाच्या कारखान्यात काय करतो त्याचं वर्णन, चंद्रपूरला यंदा ऊन कसं तापलं याची चौकशी. एवढं होईस्तोवर वरिष्ठांचे माझ्या फोनवर चार कॉल येऊन जायचे. शेवटी हनीफभाई चाबी द्यायचे नाहीत ते नाहीतच, सायकल काढून स्वतः माझ्या गाडीमागे यायचे. पिंजरा उघडायचे, डबा बंद करून चालू करायचे, कुलूप लावायचे आणि ओढून बघायचे. दुसऱ्यांची कुलपंही ओढून बघायचे. एकदा त्यांनी रस्त्यात उभ्या एका अनोळखी माणसाच्या मोटारसायकलचं कुलूप ओढून बघितलं आणि मार खाता खाता वाचले.

पाचही ऑफिसांची माणसं रविवारी अशी पोहे खाऊन आलेली होती. सगळे वैतागायचे. बिश्वासबाबू तेवढे म्हणायचे, "शेव अच्छी रहती है."

आणि मग रुबीनाला मुलगा झाला. नातवाचा अकीका, म्हणजे जावळ काढून नाव ठेवायचा समारंभ, बल्लारपूरला ठरला. हनीफभाईंना दोन दिवसांची सुट्टी घ्यावी लागणार होती. त्यांनी आधी जाणारच नाही म्हणून सांगितलं. रुबीनाने फोनवर रडून घेतलं तेव्हा तयार झाले. निघायच्या दिवशी त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं आणि पिंजऱ्याची चाबी माझ्या तळहातावर ठेवली. वर स्वतःचा हात ठेवून माझी मूठ मिटली.

"ताई, तुमच्यावर भरोसा आहे म्हून देऊन राह्यलो."

खरं सांगते, मला भरून आलं. एवढ्या वर्षांत कोणी माझ्या हातात काही देताना असं दिलं नव्हतं. मी म्हटलं, "निवांत जा भाई. नातवाला बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची जिल्ह्याशी व्हीसी होती. मोठे अधिकारी पडद्यावर येणार, धान खरेदीचा आढावा घेणार. साहेबांनी नवा शर्ट घातलेला. आणि ऐन वेळी इंटरनेट बंद. मी शांतपणे चाबी घेऊन उठले. आज घाईचं काम घाईने होणार म्हणून मनातून खूश होते. जिन्याखाली आले तर दारापाशी बिश्वासबाबू, सिस्टरबाई, कोषागाराचे दोघं, सगळे आपापली चाबी घेऊन उभे. प्रत्येकाने आपलं कुलूप उघडलेलं. मीही शेतीचं उघडलं. पाचही कुलपं उघडी लोंबत होती आणि दार बंदच होतं.

साखळीची दोन्ही टोकं एकत्र घेऊन त्यांतून एक भलंमोठं सहावं कुलूप घातलेलं होतं. ते ओळखायला वेळ लागला नाही. हनीफभाईंच्या ट्रंकेचं होतं.

म्हणजे झालं असं होतं. भरवशाने मला आतली चाबी दिली. बसस्टँडवर गेले. तिथे बसल्या बसल्या काळजी लागली असणार. परत आले, पाचही जणांना वगळून बाहेरून आपलं कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि शांत मनाने बसमध्ये बसले. जन्मभर ज्याच्यासाठी आम्हाला टोकलं, तीच चूक माणसाने स्वतः केली. आणि ती काही विसरून नाही, नीट विचार करून.

मला आलेला राग शब्दांत सांगत नाही. भरोसा म्हणे.

फोन लावला. बाईने सांगितलं, संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. रुबीनाला लावला, ती म्हणाली, "अब्बा तं रातीच निघतो म्हने, आम्ही कसंतरी ठेवलं. पहाटेच्या बसनं गेले जी. म्हने, मन नाई लागून राह्यलं." म्हणजे अकीक्याच्या दुसऱ्याच पहाटे माणूस परत निघाला होता, आणि आष्टीच्या पुढच्या जंगलात, जिथे कोणाच्याच फोनला रेंज नसते, तिथे कुठेतरी बसमध्ये खिशात चाबी घेऊन बसला होता.

साहेब स्वतः खाली आले. शर्ट घामाने भिजलेला. शिपायाने करवत आणली. बिश्वासबाबू म्हणाले, "कुलूप मत काटो, उनका है. साखळी काटो." म्हणून साखळी कापली.

हनीफभाई दुपारी पोहोचले. हातात मिठाईचा डबा होता, त्यालाही कुलूप. जिन्याखाली येऊन त्यांनी तुटलेली साखळी बघितली, जमिनीवर पडलेली पाच कुलपं बघितली. मी भांडायच्या तयारीने उभी होते, पण त्यांचं तोंड बघून मी त्यांच्या हातातला डबा घेतला. ते खाली बसले आणि एकेक कुलूप उचलून रुमालाने पुसायला लागले.

"चुकी माझीच आहे," ते म्हणाले. "मीच शेजाऱ्याले सोडलं."

साहेबांनी मात्र त्याच आठवड्यात कागद फिरवला. साखळी नको, पिंजरा नको. खोलीला नवं दार आणि दाराला बोटाचं मशीन. बोट ठेवा, दार उघडा. ज्याला गरज आहे त्याने केव्हाही जावं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून हे सांगितलं तेव्हा हनीफभाई मागे उभे होते. त्यांनी एकच विचारलं.

"साहेब, आन सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशीपण चालतं ना. कोणाला तुमच्या घरी यायची गरज नाही. तुम्ही आराम करा आता."

"हो जी," हनीफभाई म्हणाले.

त्या क्षणी मला कळलं. आधी कळायला हवं होतं, पण घाईच्या माणसाला अशा गोष्टी उशिराच कळतात. या माणसाच्या घरी आमच्याशिवाय दुसरं कोणी येतच नव्हतं. चाबी मागायला म्हणून जो कोणी यायचा तेवढाच त्यांचा पाहुणा. म्हणून शेवेचा डबा भरलेला. म्हणून चाबी लवकर सापडत नसे.

मशीन बसलं. पाचही ऑफिसांची बोटं घेतली. सिस्टरबाईंचं घेतलं, बिश्वासबाबूंचं घेतलं, माझं तर पहिल्या झटक्यात घेतलं. हनीफभाईंचं घेईना. उमरभर तारा सोलून आणि पक्कड धरून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. अंगठा ठेवला, नाही. तर्जनी ठेवली, नाही. खोबरेल चोळलं, लिंबू चोळलं, पाण्याने धुऊन ठेवलं. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला, "काका, दुसरं बोट द्या." हनीफभाई म्हणाले, "जेवढे होते तेवढे देले बाप्पा." आम्ही सगळे हसलो, तेही हसले. पण त्या दिवसापासून त्यांना आपल्याच खोलीत जायला कोणाला तरी हाक मारावी लागायची.

"बिश्वासबाबू, जरा बोट देता का जी?"

मग एक दिवस मी जिन्याखालून जाताना त्यांच्या चपला बघितल्या. दोन्ही सुट्या, एक इकडे, एक तिकडे, मधे कुलूप नाही. इतके दिवस ज्याला हसले ते कुलूप मी वाकून जिन्याखाली शोधलं. त्याच संध्याकाळी बिश्वासबाबूंनी सांगितलं की हनीफभाई कंत्राट सोडायचं म्हणतात. रुबीना बोलावते आहे, पण तिकडेही जायचं नाही म्हणतात. दोन खोल्यांच्या घरात जावयावर ओझं व्हायचं नाही. मग कुठे जाणार? ते काही सांगत नाहीत.

त्या शनिवारी मी चंद्रपूरला आईकडे गेले होते. आईशी बोलताना चित्त ठिकाणावर नव्हतं. रविवारी सकाळची पहिली बस पकडून परत आले, आणि स्टँडवरून घरी न जाता तशीच मशिदीमागे गेले. हनीफभाई पडवीत वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. मला बघून उठले.

"भाई, पंचाईत झाली," मी म्हटलं. "ऑफिसात जाऊन आले. मशीन माझं बोटच घेऊन नाही राह्यलं. तातडीचं काम आहे. तुम्ही येऊन मशीन बघा जरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या प्रवासाच्या बॅगेकडे बघितलं. बॅगेतून आईने दिलेल्या कढीपत्त्याची डहाळी बाहेर आलेली होती, तिच्याकडेही बघितलं.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "गावात सकाळपासून लाइट नाई. मशीन बंदच आहे."

चोरी पकडली गेल्यावर माणूस करतो तेच केलं, पदराने तोंड पुसलं. हनीफभाईंनी माझ्या हातातून बॅग घेतली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा. लाइट येईपर्यंत तं काही होत नाई."

ते आत गेले. पोह्यांच्या फोडणीचा वास आला. आतूनच त्यांनी विचारलं, आई कशी आहे, पठाणपुऱ्याच्या वेशीजवळचा रस्ता झाला का. मी आईचे गुडघे, रस्त्याची खोदाई, शेजारणीचं भांडण, सगळं सविस्तर सांगितलं. जन्मात इतकं सविस्तर बोलले नव्हते. पोहे आले, शेव आली, चहा आला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बिश्वासबाबूंचं बोट बिघडणार आहे म्हणतात. हनीफभाईंनी बशीत चहा ओतला. म्हणाले, "त्याले शेव जास्त लागते. आणून ठेवाव लागन."

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा घरघरला आणि फिरायला लागला. वर्तमानपत्राची पानं उडाली. आम्ही दोघांनीही वर बघितलं नाही.